मेव्हण्याची तांबूस चाकं

...आणि वर मलाच म्हणतात, एफ्राईन, तू जळतोस. जळतो? मी? मेव्हण्याच्या चाकांवर? अहो, तुम्हाला सांगतो, हेवा नाही हो, काळजी. आपल्या माणसांची काळजी वाटणं आजकाल गुन्हा झालाय की काय?

हा मेव्हणा म्हणजे वाल्देमार, माझ्या निल्साचा धाकटा भाऊ, राहतो आमच्या घरासमोरच. म्हणजे मी सकाळी कॉफी घेऊन बाहेर आलो की डोळ्यांपुढे काय, तर त्याची गाडी. माझीही तीच, तेच मॉडेल, तितकीच म्हातारी, तितकीच खडखडणारी, आणि इतकी वर्षं दोन्ही गाड्या कशा गुण्यागोविंदाने खडखडत होत्या. मग एक दिवस याने काय करावं? अलॉयची चारही चाकं काढली, वर स्टेपनी, आणि सगळी पावडर कोटिंग करून आणली. तांब्याचा रंग. उन्हात अशी चमकायची की समोरून येणारे लोक गाडी सोडून चाकांना सलाम करायचे. पाववाला थांबायचा. पोस्टमन थांबायचा. निल्सा, माझी स्वतःची बायको, झाडांना पाणी घालता घालता थांबायची आणि म्हणायची, "आपलीही अशी असती तर..."

एवढंही मी सोसलं असतं. पण माझ्या सासूबाई, दोन्या प्रोविदेन्सिया, वीस वर्षं माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून चर्चला गेल्या, बाजारात गेल्या, डॉक्टरकडे गेल्या. वीस वर्षं माझ्या ब्रेकला नावं ठेवली, पण बसल्या माझ्याच गाडीत. आणि त्या रविवारी पर्स सावरत बाहेर आल्या, मी दार उघडून उभा, आणि बाई माझ्या समोरून सरळ रस्ता ओलांडून पलीकडे! जाता जाता म्हणतात काय, "जावईबापू, आज जरा हवापालट."

हवापालट चार महिने चालला.

मग मी चौकशी केली. हेवा नाही हो, काळजी. वाल्देमारलाच विचारलं, हे करतात कसं? तो गरीब मनाने सांगत बसला. "दाजी, पावडर उडवतात आणि चाक भट्टीत भाजतात. पण अलॉयचं चाक कारखान्यात मुळातच उष्णतेने कडक केलेलं असतं. भट्टी फार तापवली किंवा चाक फार वेळ आत ठेवलं, तर तो कडकपणा उतरतो, चाक मऊ पडतं. म्हणून मी आधी भट्टीचं तापमान विचारून घेतलं. आधी चाकांना भेगा आहेत का तेही तपासून घेतलं."

त्याचं शेवटचं बोलणं मी काही कुणाला सांगितलं नाही. पहिलं मात्र सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना तर पानात वाढता वाढता सांगितलं. "आई, भाजलेली चाकं मऊ होतात बरं. आपल्या डोंगरातले रस्ते, ते खड्डे... मी आपलं सांगून ठेवलं." त्यांनी तूरडाळीचा भात चावत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मऊ आहेत म्हणूनच धक्के बसत नाहीत वाटतं."

आता सांगा, माणसाने करायचं काय?

मी माझी चाकं कुकोकडे दिली. गावाबाहेर शेड आहे त्याची. वाल्देमारने जिथे केली तिथे कसा जाणार मी? कुठल्या तोंडाने? हा कुको मोठा आत्मविश्वासाचा माणूस. मी म्हटलं, तापमान किती ठेवता? तो म्हणाला, "भाऊ, माझी भट्टी जोरात असते. लोकांना अर्धा तास लागतो ते मी चुटकीसरशी करतो." मला वाटलं, वा, हुशार आहे. रंग मागितला तांब्याचा, बाहेर आला गाजराचा. तो म्हणाला, घाबरू नका, पुन्हा भाजू. पुन्हा भाजली. या वेळी राखाडी झाली. भाजलेल्या डुकराच्या पाठीवर जो रंग येतो ना, त्याच्याही पलीकडचा. तपासणी वगैरे? अहो, चाक गोल आहे का बघितलं त्याने, गोल होतं.

पण चकाकत होती हां. आणि ऐबोनितो गावच्या फुलांच्या प्रदर्शनाला सासूबाईंना आपलं ऑर्किड घेऊन जायचं होतं. त्यांनी दोन्ही गाड्या बघितल्या, माझी चाकं बघितली, आणि म्हणाल्या, "चला, आज तुमच्या गाडीने." तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई पुढे, मांडीवर कुंडी, आणि मागून वाल्देमार आपल्या गाडीत निल्साला घेऊन. मी आरशात त्याच्याकडे बघायचो आणि मुद्दाम हळू जायचो. दिसू दे की त्याला, पुढच्या सीटवर कोण आहे ते.

डोंगराच्या वळणावर खड्डा आला. तसा काही मोठा नव्हता, रोजचा होता. खाड्! स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं, गाडी दरीच्या बाजूला ओढली गेली, सासूबाईंनी एका हाताने कुंडी धरली आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर. कशीबशी कठड्याच्या अलीकडे गाडी थांबवली. उतरून बघतो तर काय, पुढचं चाक आऱ्यापासून कडेपर्यंत उललं होतं. एक अख्खा तुकडा गायब.

वाल्देमार धावत आला. आधी आईला बघितलं, मग मला, मग चाकाजवळ बसला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "दाजी, भट्टी फार तापवली असणार, तीही दोनदा. नाहीतर आतली जुनी भेग रंगाखाली झाकली गेली. दोष पावडरचा नाही. कुणी तपासलं का?"

मी म्हटलं, "गोल आहे का बघितलं होतं."

माझ्या स्टेपनीत हवा नव्हती. त्याने स्वतःची स्टेपनी काढून माझ्या गाडीला लावली, नट घट्ट केले, पुन्हा एकदा तपासले. सासूबाई तोवर कुंडीसकट त्याच्या गाडीत पुढे जाऊन बसल्या होत्या. काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, सावकाश या. काळजी वाटते."

त्यांच्या ऑर्किडला दुसरं बक्षीस मिळालं. उरलेल्या तीन राखाडी चाकांवर मी आता गावातल्या गावातच फिरतो, तेही हळू, आणि नवी मिळेपर्यंत वाल्देमारच्या स्टेपनीचं ते तांब्याच्या रंगाचं चाक तसंच आहे. पाववाला थांबतो. पोस्टमन थांबतो. एफ्राईन, काय सुंदर चाक आहे रे! म्हणून हल्ली मी गाडी अशी लावतो, की ती बाजू रस्त्याकडे राहील.