गाणं लागलं की चहा

तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं, माझा सिनेमा बघून पुसेगाव हसून लोळेल. एका जुन्या विनोदी गोष्टीची मी थोडक्या पैशांत संगीतिका केली होती. दिल्लीहून शिकून परतले ती त्यासाठीच. पण पहिलं गाणं लागलं आणि सगळे उठून बाहेर गेले. शाळेच्या ज्या खोलीत खेळ लावला होता, तिथे मी एकटीच. ते परत येईपर्यंत दुसरं गाणं लागलं.

सिनेमाचे पोशाख शिवणाऱ्या रहीमचाचांना विचारलं, "काहून आवडला न्हाई?"

"आवडला की, पोरी! पण गाणं लागलं की चहाला जायाचं असतं. तू गाणीच गाणी टाकली. आमी बघावं कधी?"

संध्याकाळी मी दिल्लीसाठी बॅग भरली. सकाळी ठरवलं, जायचं नाही. पुढचा खेळ चहाच्या हॉटेलातच लावायचा.