किल्ली फिरवली, आवाज नाही

इस्त्रीची वायर बदलायला आलेल्या शिंपीणबाई विजेच्या सामानाच्या दुकानाच्या रांगेत पेंगत होत्या. पुढे एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण उभी होती. त्यांच्या बोलण्याने बाईंची पेंग उडाली.

"लेकीची ती विजेवरची जुनी गाडी अजून खोलून बसलायस का रे?"

"झाली गं, ताई. बॅटऱ्या बदलल्या, गंजलेल्या तारा घासल्या, सगळं घरीच. पण तीन दिवस किल्ली फिरवतोय, गाडी ढिम्म! घुर्र नाही की फुर्र नाही."

"मग?"

"चौथ्या दिवशी वैतागून उतरायला गेलो, पाय पॅडलवर पडला आणि समोरची भिंत हळूहळू लांब जायला लागली. मला वाटलं, घरच निघालं कुठंतरी."

"अरे वेड्या, ती गाडी चालू झाली तरी आवाज करत नाही!"

"माझा जन्म पेट्रोलच्या खटाऱ्यात गेला, मला काय ठाऊक! तसाच मागं मागं रस्त्यावर आलो. झाडाचं पान पडलेलं ऐकू येत होतं गं. ढगात बसल्यासारखं वाटलं."

"लेकीला सांगितलंस?"

"काय सांगू? भांडून दोन वर्षं झाली. दर रविवारी फोन लावतो. उचलते, पण चकार शब्द बोलत नाही."

"ठेवून देते?"

"नाही. ती काही बोलेल म्हणून नुसता कान लावून बसतो, शेवटी मीच ठेवतो."

"म्हणजे तू नुसती किल्लीच फिरवत बसलायस."

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

"ताई, आज वार कोणता गं?"

"मंगळवार. तरी लाव."