मास्तरांचं संमतीपत्र

बाई: ...सहभागी व्यक्ती, स्वल्पविराम, कोणतंही कारण न देता, स्वल्पविराम, कधीही या चाचणीतून बाहेर पडू शकते, पूर्णविराम. नवा परिच्छेद. मास्तर, जरा दम खाऊ द्या हो. नऊ वर्षांनी असं वाचतेय, घसा बसला.

मास्तर: आवाज तस्साच आहे. स्वल्पविरामापाशी मान हलवता, तीही तशीच.

बाई: छापखान्यात सव्वीस वर्षं समोरासमोर बसलो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, तुम्ही प्रूफ बघायचं. तेव्हा कधी म्हणाला नाहीत, मान हलते म्हणून.

मास्तर: तेव्हा मान वर कुठं करायचो! आणि दहाला मशीन सुरू झालं की सगळं टेबलच हलायचं. पेल्यातलं पाणी थरथरायचं.

बाई: तुम्ही पेल्यावर हात धरायचात. माझ्यासुद्धा.

मास्तर: प्रुफावर सांडलं असतं.

बाई: हो, प्रुफावर सांडलं असतं. बरं, मला आता नीट सांगा. दारात आलात, पाणी मागितलंत, आणि 'एकट्यानं बघितलेलं प्रूफ मी पक्कं धरत नाही' म्हणून हे संमतीपत्र हातात ठेवलंत. छातीतल्या कळेवर नवं औषध, त्याची चाचणी. हे तुम्हाला सापडलं कुठं?

मास्तर: दवाखान्याच्या भिंतीवर. 'चालताना छातीत कळ येते का?' असा कागद लावला होता. त्यात दोन चुका होत्या. मी खिशातली लाल पेन्सिल काढली...

बाई: भिंतीवरच्या कागदावर? लोकांसमोर?

मास्तर: दुसरी चूक काढत होतो तर मागून एक मुलगी म्हणाली, 'काका, काय चाललंय?' ती त्या चाचणीचंच काम बघते. म्हटलं, चूक आहे. ती म्हणाली, 'चुकीचं राहू द्या, तुम्हाला कळ येते का ते सांगा.' आता पेन्सिलीसकट पकडला गेलो होतो, काय बोलणार? येते म्हटलं.

बाई: धन्य आहे तुमची!

मास्तर: तिनं कॉम्प्युटरवर यादी काढली. माझ्या दुखण्याच्या तीन चाचण्या निघाल्या. एक परगावी, दर आठवड्याला खेपा. दुसरी साठीच्या आतल्यांची. तिसरी ही. बारा आठवडे गोळी घ्यायची.

बाई: आणि तुमचे डॉक्टर?

मास्तर: ते म्हणाले, जरूर जा. माझ्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक की आत अँजिओप्लास्टीचा फुगा सरकवायची सोय नाही. चालू गोळ्या चालूच राहणार, ही त्यांच्या जोडीला.

बाई: पण निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळणार, पान दोन. कुणाची कुठली, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. तुमच्या वाट्याला रिकामी आली तर?

मास्तर: येऊ दे. दर पंधरवड्याला कुणीतरी समोर बसून विचारेल ना, कसं आहे म्हणून. छापखाना बंद झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही, बाई.

बाई: असं बोलू नका. दोन गल्ल्या सोडून तर राहता. यायचं होतंत.

मास्तर: कुठल्या कामानं? प्रूफ नव्हतं ना.

बाई: ...वाचते पुढचं. परिच्छेद सात. सहभागाच्या अटी, अपूर्णविराम. आधीच्या दोन आठवड्यांत, स्वल्पविराम, दर आठवड्याला किमान तीन वेळा छातीत कळ आलेली असावी, पूर्णविराम. त्याची रोजची नोंद सोबतच्या वहीत...

मास्तर: बरोबर आहे. पुढं.

बाई: पुढं काय, पुढं? वही कुठंय?

मास्तर: वहीत काही चूक नाही. मी तपासलीय.

बाई: तरी आणा.

(बाई वही खिडकीच्या उजेडात धरतात.)

बाई: मास्तर, हे काय करून ठेवलंत? सोमवार, बाजारातून येताना. खोडलंय. मंगळवार, बादली उचलताना. खोडलंय. शुक्रवार, वाऱ्याच्या तोंडावर चालताना. तेही खोडलंय! दोन आठवड्यांत नऊ वेळा कळ आली आणि शिल्लक ठेवल्यात दोन?

मास्तर: फार दिसत होत्या. मजकूर जरा स्वच्छ केला. इतका मोडका माणूस बघून 'नको' म्हणाले असते.

बाई: अहो, त्यांना मोडकाच माणूस हवाय! किमान तीन, आत्ता घसा फोडून वाचलं. दोन कळांच्या माणसाला ते दारातनंच परत पाठवतील. घरी तुम्ही हे एकदा तरी वाचलंत का?

मास्तर: चारदा. अकरा चुका काढल्या.

बाई: आणि अट दिसली नाही.

मास्तर: अटीत चूक नव्हती.

बाई: पुन्हा एक वाटी मीठ!

मास्तर: ते आता उकरून काढू नका.

बाई: काढणार. स्वयंपाकाचं पुस्तक, पावणेतीनशे पानं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि चौघांच्या सुपात एक वाटी मीठ! एक गिऱ्हाईक पातेलं घेऊनच मालकांकडे आलं होतं.

मास्तर: मालकांनी चमचाभर चाखलं होतं. त्यांचा तो चेहरा आठवतो?

बाई: आठवतो ना! आणि मग दार लावून घेऊन तुम्हाला झापलं, तेही आठवतं. मी बाहेर उभी होते. तुम्ही म्हणालात, चूक माझी, बाईंनी बरोबर वाचलं होतं. पण माझ्या तोंडूनसुद्धा 'एक वाटी' बिनदिक्कत निघालं होतं की.

मास्तर: तुमची नोकरी नवी होती. घरी दोन लहान मुलं. माझ्या मागं कोण होतं?

बाई: इतकी वर्षं त्यावर बोलले नाही, आज बोलते. त्या दिवशी मला तुमचा फार आधार वाटला. संध्याकाळी बसमध्ये रडले मी.

मास्तर: हे मला ठाऊक नव्हतं.

बाई: तुम्ही मान वर करत नव्हतात ना.

मास्तर: ...वहीचं काय करायचं? उद्या साडेनऊला द्यायचीय. रात्रीतून नवी लिहून काढू?

बाई: नवी कशाला? हीच खरी आहे. पेन्सिल द्या इकडे. खोडलेला मजकूर परत हवा असला की आपण काय करायचो?

मास्तर: खाली टिंबं द्यायची. समासात लिहायचं, आहे तसं ठेवा.

बाई: सोमवार, बाजार. टिंबं. मंगळवार, बादली. टिंबं. ही पेन्सिल छापखान्यातली?

मास्तर: शेवटच्या दिवशी खिशात राहिली. मुद्दाम नाही.

बाई: माझ्याकडे तिथला पेला आहे. मुद्दाम आणलेला. शुक्रवार, वारा. टिंबं. आणि या उरलेल्या चार. झाली सातही. आता आजचं सांगा.

मास्तर: आज काही नाही.

बाई: तीन मजले चढून आलात. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी आणायला वळले तशी जिभेखाली गोळी सरकवलीत.

मास्तर: दिसलं?

बाई: सव्वीस वर्षं समोर बसले. कितीदा थांबलात?

मास्तर: दोनदा. दुसऱ्यांदा जरा जास्त.

बाई: लिहा. आणि उद्या त्या मुलीला सरळ सांगायचं, घाबरून खोडलं होतं, पण सगळ्या खऱ्या आहेत. मग ते घेवोत, न घेवोत.

मास्तर: सांगतो. बरं, निघतो मी. शेवटचं पान राहिलं तरी चालेल.

बाई: शेवटचं पान न वाचता आपण कधी प्रूफ सोडलंय? आणा. अडीअडचणीला कळवण्यासाठी जवळची व्यक्ती, अपूर्णविराम... इथंही खोडलंय.

मास्तर: ते चुकून...

बाई: हे माझं नाव आहे.

मास्तर: लिहिताना वाटलं, विचारू. मग वाटलं, कुठल्या तोंडानं? एका टेबलावर बसलो, एवढंच. म्हणून खोडलं. पण त्या जागी लिहायला दुसरं नावच आठवेना, बाई. वाचून घ्यायचं हे सगळं निमित्त होतं.

बाई: तुमचं आपलं काहीतरीच. सरका, हात बाजूला घ्या. ...दिली टिंबं.

मास्तर: शेजारी नातं विचारलंय.

बाई: तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं.

मास्तर: काय लिहू?

बाई: सहकारी लिहा. त्यात खोटं काही नाही.

मास्तर: लिहिलं.

बाई: वाचा आता. मी बघते.

मास्तर: मी? मी कधी वाचलं नाही.

बाई: आज वाचा.

मास्तर: नातं, अपूर्णविराम, सहकारी, पूर्णविराम.

बाई: बरोबर आहे. उद्या साडेनऊ म्हणालात ना?

मास्तर: साडेनऊ. नऊला तुम्हाला घ्यायला येऊ?

बाई: या, पण वर चढू नका. मी खाली येते.