एका नावाचे दोघं

यॉर्कशरमधल्या गावच्या दवाखान्यात नर्सने "ब्रॅकनरॉइड" अशी हाक मारली आणि दोघं उठले. एक टेकडीवरचा म्हातारा शेतकरी विल्फ, दुसरी लेकीकडे नुकतीच राहायला आलेली वयस्क काळी बाई. नर्स कागद बघायला आत गेली, तसे दोघं परत बसले. शेजारी नंबराची वाट बघत बसलेल्या मॉडच्या विणकामाच्या सुया थांबल्या.

"नाव सासरचं का, बाई?" विल्फने विचारलं.

"माहेरचं. वडील जमैकाचे."

"नवलच आहे. ब्रॅकनरॉइड म्हणजे आमचं शेत. नावाचा अर्थच नेचे उपटून साफ केलेली जमीन. आमच्यातलं कुणी समुद्रापार गेलं नव्हतं."

"एक गेला होता, जोसाया. उसाचे मळे होते त्याचे. माझ्या खापरपणजोबांना विकत घेतलं आणि स्वतःचं नाव लावलं."

"जोसाया?"

"ओळखता?"

"आमच्या चर्चमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. मोठा दानशूर म्हणून. लहानपणापासून दर रविवारी त्याच्याखालीच बसतोय मी."

"चेहरा कसा आहे हो? आमच्यापर्यंत नुसतं नावच आलं."

"दयाळू कोरलाय."

नर्स बाहेर आली. "मिस्टर ब्रॅकनरॉइड, तुम्ही या आधी."

"यांना आधी घे, पोरी. आमचा नंबर आजवर आधीच लागत आलाय."