कडूसकरांची आंबलेली टाकी

मंडळी, ऐका! चांगली गोष्ट मूठभरांपुरती ठेवावी, की जगभर वाढवावी? घाईनं माना हलवू नका! आधी दृष्टान्त ऐका. दृष्टान्त आहे— बियरचा!

काकू, कान झाकू नका! क्राफ्ट बियर म्हणजे थोडी-थोडी, हातानं, निगुतीनं केलेली बियर. नसेल ठाऊक, तर त्या खांबाआडच्या मंडळींना विचारा— बघा, कशी खांबात शिरली! आणि पेटीवाले, तुम्ही का हसता?

तर नाशकात होता शार्दूल कडूसकर. नोकरी सोडली, जवाची बियर करू लागला. बायको ऋता गल्ल्यावर. जागा एवढीशी! पण गड्याचा एक नेम होता. पिंप उघडलं की पहिला घोट स्वतः घ्यायचा. जरा आंबट लागली, की अख्खं पिंप मोरीत! दारावर पाटी— 'आज बिघडली. उद्या या.' लोक चिडायचे? छे! दुसऱ्या दिवशी दुप्पट यायचे!

मग आले भांडवलवाले सबनीस. "कडूसकर, असलं अमृत कोपऱ्यात कोंडता? महाराष्ट्रभर नेऊ!"

ऋता म्हणाली, "अरे शार्दूल, एवढ्या बियरला तुझी एक जीभ पुरणार का?"

"जिभेचं काय घेऊन बसलीस? मशीन लावू!"

लागली की मशीनं! घराएवढ्या टाक्या! आणि एक दिवस टाकी आंबली. शार्दूलनं घोट घेतला— कळलं! पण बाहेर ट्रक उभे. सबनीस कडाडले, "ओतता? वेड लागलंय? आमसूल घाला, नवं नाव द्या!"

आणि मंडळी, त्यानं घातलं हो! नाव दिलं 'कोकण स्पेशल'!

बोंब झाली? रांगा लागल्या! एक दाढीवाला तर डोळे मिटून म्हणाला, "अहाहा! काय आंबट खोली आहे!" आता आंबटाला खोली असते, हे आमच्या आजीला ताकात कधी दिसलं नाही!

घरी ऋतानं पेला पुढं ठेवला. "पी."

"लोकांना आवडतेय गं..."

"लोकांचं सोड. तू पी."

हात पुढं होईना! ढसाढसा रडला. सकाळी कारखान्यात जाऊन ओरडला, "ओता सगळी!" मॅनेजर गोड हसला. "सर, थकलात. थोडी सुट्टी घ्या." त्याच्याच कारखान्यात! आज बाटलीवर त्याचं चित्र आहे, मिशीला पीळ भरून हसतंय. घरी तो ताक पितो.

मग वाढूच नये का? खुशाल वाढा! पण बिघडलं तर ओतता येईल, तेवढंच वाढा.

हसताय? हसा! पूर्वी तुमच्या उत्सवाला पन्नास पानं उठायची. शिरा खाली लागला, तर दुसरा व्हायचा. यंदा मंडप मोठा, पाहुणे मोठे— आणि दुपारचा शिरा करपलेला! प्रत्येकाच्या जिभेला कळलं. बोललं कुणी? अध्यक्ष म्हणाले, "वा, चुलीची चव!" आणि तुम्ही? तुम्ही आणखी मागून घेतलात!

आता टाळ उचला, देवाचं नाव घेऊ. फक्त एवढं सांगा— नैवेद्यही त्याच शिऱ्याचा दाखवलात ना?