अल्मासची बाटली

नगरच्या औषधाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी थर्मास घेऊन उभी होती.

"या, मुबारकचाची. नातीचं औषध इतक्यात संपलं?"

"न्हाई भाऊ, बाटली परत आनलीय. काष्टी गावापासनं बर्फात ठेवलीय, गरम होऊ दिली न्हाई. दुसऱ्या लेकराला द्या."

"का? अल्मास घेत नाही का? संत्र्याच्या चवीचं करून देतो."

"आंब्याचंच ग्वाड लागायचं तिला. गेल्या जुम्म्याला माती दिली."

"चाची... बसा जरा."

"बसत न्हाई, येष्टी हाय. कुनाच्या तरी कामी येईल की ह्ये."

"नाही देता येत. मोठ्या माणसांच्या गोळ्या कुटून, तिच्या वजनाला आणि तिच्या काळजाला झेपेल एवढंच केलं होतं ते."

"तेवढ्याच वजनाचं लेकरू आलं तर?"

"तरी त्याचं वेगळं बनवावं लागतं."

"म्हंजी ह्ये तिचंच."

"तिचंच. आता टाकूनच द्यावं लागेल. ठेवा इथं, मी ओततो."

"तुमी नगा ओतू. मीच ओतते. पाजत बी मीच हुते."