बाईंना कमी पडलेलं एक मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष ग्लेन टोलेफसन, व्यासपीठावरचे काउंटीचे सन्माननीय आयुक्त, सत्कारमूर्ती व्हर्ना लिंडक्विस्टबाई, आणि गवताची कापणी टाकून शाळेच्या या जिममध्ये जमलेल्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो,

मी ड्वाइट शेलस्टाड. गुरं पाळणारा माणूस, भाषण हा काही माझा धंदा नव्हे. ग्लेननं पाच मिनिटं दिलीत, त्यातलं एक खोकण्यात जाणार.

बाई अठ्ठावीस वर्षं आपल्या शिक्षणाधिकारी. बर्फात गाडी रुतली तर स्वतः फावडं काढायच्या, पण सात पोरांच्या शाळेतसुद्धा वेळेवर हजर! हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मला बोलायचंय ते त्या हरल्या होत्या त्याबद्दल.

आठवतं ना? १९९० चा जून. शिक्षणाधिकारी आपण मतांनीच निवडतो, त्या पदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. बाई तेव्हा आपल्या ओढ्याकाठच्या शाळेत शिकवायच्या. आपल्या केंद्रावर मतदार एकेचाळीस, आणि सगळेच्या सगळे बाईंचे. ऑर्व्हिल स्टेनसन जन्मभर विरुद्ध पक्षाचा, पण त्यानंही शब्द दिला होता. "व्हर्ना, या खेपेला तुमच्या पक्षाची मतपत्रिका भरतो. माझा बाप थडग्यात कूस बदलेल, बदलू दे!" काय हसलो होतो आम्ही! काय दिवस होते ते!

बाईंचे जावई मिनेसोटाहून आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे दोन्ही पक्षांच्या पत्रिका हातात देतात. एक भरून मतपेटीत टाकायची, दुसरी कोरीच शेजारच्या रद्दीच्या पेटीत. कोणी कुठली भरली, कोणाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बाई एका मतानं पडल्या. आणि आपल्या केंद्रावर? चाळीस मतं बाईंना, अन् मतपेटीत एक कोरी पत्रिका. विरुद्ध पक्षाची.

मग काय, सगळ्यांची बोटं एकाकडेच. कॅफेत ऑर्व्हिल आला की कोणीतरी म्हणायचंच, "या, कोरी पाटी!" तो टोपी टेबलावर आपटायचा. "अरे, दिलं रे मी तिलाच मत! किती वेळा सांगू?" "हो हो, दिलंस की, मनातल्या मनात!" पुढे पुढे त्यानं कॅफेत येणंच सोडलं. कॉफी गाडीत बसून प्यायचा.

बाई मात्र पुढची निवडणूक जिंकेपर्यंत आणखी चार वर्षं शाळेत राहिल्या. त्या चार वर्षांत त्यांनी माझ्या कार्लाला वाचायला शिकवलं. तिसरीपर्यंत पोरीला अक्षर लागत नव्हतं हो. आज ती तिथं मागे बसलीय, स्वतः शिक्षिका आहे. माझी बायको म्हणायची, बाई हरल्या ते आपल्या पथ्यावर पडलं. मीही बरीच वर्षं तेच म्हणत मनाची समजूत घातली.

पण ऑर्व्हिलच्या पथ्यावर काय पडलं?

त्या दिवशी दोन्ही पेट्यांपाशी मी उभा होतो, उजव्या हातात भरलेली घडी, डाव्यात कोरी. टेबलामागच्या मतदान अधिकाऱ्याशी वासरांच्या भावाबद्दल बडबडत होतो. बडबडीच्या नादात डावा हात मतपेटीत, उजवा रद्दीत. पिकअप सुरू करताना लक्षात आलं. माझं मत पडतं तर बरोबरी झाली असती, पुढचं देव जाणे. वाटलं, उद्या सांगू. आणि कॅफेत ऑर्व्हिलला सगळे हसले, तेव्हा... बाई, तेव्हा मीही हसलो.

ऑर्व्हिलला जाऊन सहा वर्षं झाली. आर्डिस वहिनी, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलाय, आजच्या जेवणासाठी रूबार्बची गोड पाईही भाजून आणलीय. तुमच्या नवऱ्यानं शब्द पाळला होता. कोरी पत्रिका माझी होती.

बाई, तुमचे आभार मानायला उभा राहिलो होतो, ते मनापासून मानतो. भाषण संपवताना काही चुकलं असेल तर पदरात घ्या म्हणायची रीत आहे. मी आज रीत म्हणून म्हणत नाही. माझं चुकलं. बाई, तुम्ही मला माफ कराल, मला ठाऊक आहे. मी आर्डिस वहिनींकडे बघतोय.